ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करू की जुनाच ठेवू? अर्जंट आहे

मिरजकर_फोटो:
ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुना आहे. सगळं नीट चाललंय. आता अपडेट करायची वेळ आलीय, पण यूट्यूबवर अर्धे म्हणतात करा, अर्धे म्हणतात हात लावू नका. परवा डिलिव्हरी आहे, पार्टी रोज फोन करतीय. करू की नको, एवढंच सांगा. भाषण नको.

हेडशॉट_हडपसर:
कर बिनधास्त. मी रिलीजच्या दिवशीच टाकतो. नवीन गेमला एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढतात.

निवृत्त_पण_निवांत:
अजिबात करू नका. मार्च २०१० मध्ये कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर आला होता. काही कार्डांचे पंखेच नीट फिरेनात, कार्डं तापायला लागली आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या क्रिमझन ड्रायव्हरमध्येही पंख्याचा वेग अडकून बसायचा, काही दिवसांत दुरुस्तीचा ड्रायव्हर काढावा लागला. पंख्याचा वेगसुद्धा ड्रायव्हरच्या हातात असतो, हे या पिढीला माहीत नसतं. चालत्या गाडीचं बॉनेट उघडू नये.

हेडशॉट_हडपसर:
काका, २०१० ला मी चौथीत होतो. तुमच्याकडे अजून विंडोज एक्सपी आहे का?

निवृत्त_पण_निवांत:
विंडोज ७ आहे. उत्तम चालतं.

सातारी_सीपीयू:
धागाकर्ते, कार्ड कोणतं? लॅपटॉप की डेस्कटॉप? आत्ताचा ड्रायव्हर कोणता? काम कसलं? आणि "अपडेट करायची वेळ आलीय" म्हणजे नक्की काय झालं?

मिरजकर_फोटो:
जीटीएक्स आहे, चार जीबी. काम एडिटिंगचं, आयडीत फोटो लिहिलंय की.

संत्रा_गेमर:
जीटीएक्स असेल तर विषयच संपला भाऊ. एनव्हिडियाने जीटीएक्स बंद केले. ऑक्टोबर २०२५ ला शेवटचा गेम रेडी (गेमसाठीचा) ड्रायव्हर, त्यानंतर काही नाही. आहे तो ठेवून दे न.

सातारी_सीपीयू:
थांबा थांबा, हे असं सरसकट नाहीये. बंद झाल्या त्या मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या कार्डांच्या जुन्या पिढ्या. म्हणजे ९०० ची मालिका, १०५०, १०६०, १०७०, १०८० वगैरे. आणि त्यांनाही "काही नाही" असं नाही, ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला सुरक्षेचे अपडेट येणार आहेत. जीटीएक्स १६५० आणि १६६० मात्र ट्युरिंग पिढीचे आहेत, २०१९ चे. नावात जीटीएक्स असलं तरी जात २०-मालिकेची, त्यांचे ड्रायव्हर चालू आहेत. म्हणून तर मॉडेल विचारलं. १०५० टीआय पण चार जीबी, १६५० पण चार जीबी. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा. कार्डाचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, तारीख सगळं तिथेच दिसेल.

मिरजकर_फोटो:
१६५०. लॅपटॉप आहे. विंडोज ११. ड्रायव्हर ३१.०.१५.३६९९ दाखवतोय. यूट्यूबवाले ५००-६०० च्या घरातले आकडे सांगतात, माझा ३१ म्हणजे फारच मागचा का?

सातारी_सीपीयू:
नाही. तो आकडा विंडोजच्या पद्धतीचा. शेवटचे पाच अंक घ्यायचे, ५-३६९९, आणि तीन अंकांनंतर टिंब द्यायचं. ५३६.९९. हा २०२३ चा आहे. जुना आहे, पण अगदीच पुराणकाळातला नाही.

निवृत्त_पण_निवांत:
२०२३ ला तुम्ही जुना म्हणता?

लॅमिंग्टन_रोडचा_पाहुणा:
एडिटिंगला चार जीबी व्हीरॅम (कार्डाची मेमरी) म्हणजे मुळात चूक. ड्रायव्हरचा किस काढण्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा आणि १२ जीबीचं ३०६० सेकंडहँड उचल. दुकानात चालवून बघ, बिलाशिवाय घेऊ नको, क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं नाही ना ते विचार.

संत्रा_गेमर:
लॅपटॉप आहे म्हणाले ना ते. कुठे बसवतील, कीबोर्डवर?

पेंग्विन_पार्ले:
विंडोज आहे तोवर ही कटकट संपणार नाही. स्वतःच मागच्या दाराने ड्रायव्हर बदलतं. लिनक्स टाका, ड्रायव्हरची शाखा तुम्ही निवडायची आणि तीच राहते. आमच्याकडे ५८० वर शांतपणे सुरू आहे.

कोल्हापुरी_कट:
पार्लेकर, एडिटिंग म्हणजे रिझॉल्व्ह सॉफ्टवेअर असेल तर ही चर्चाच नको. फुकटचं रिझॉल्व्ह लिनक्सवर एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उघडत नाही. कॅमेऱ्यातनं येतं तेच एच.२६४. म्हणजे आधी सगळं फुटेज बदलत बसायचं. परवा डिलिव्हरी असलेल्या माणसाला ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला सांगता, जिगर आहे राव.

पेंग्विन_पार्ले:
मी दूरगामी उपाय सांगितला.

कोल्हापुरी_कट:
धागाकर्ते, रिझॉल्व्हच ना? कुठली आवृत्ती? आणि सगळं नीट चाललंय तर ड्रायव्हरला हात लावायची बुद्धी कशानं झाली?

मिरजकर_फोटो:
हो, रिझॉल्व्हच, १८.६. सगळे तेच वापरतात म्हणून लिहिलं नव्हतं. जयसिंगपूरचा पोरगा लग्नाच्या व्हिडिओचा हायलाइट आणि संगीताचा भाग कापून देतो. त्याने प्रोजेक्ट पाठवला, तो २० मध्ये केलेला आहे, माझ्याकडे उघडेना. २० टाकायला गेलो तर ड्रायव्हर पण नवा लागतो म्हणतात. म्हणून विचारलं की ड्रायव्हर करू का. त्याचं उत्तर अजून कुणीच दिलं नाही.

कोल्हापुरी_कट:
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं राव!!

सातारी_सीपीयू:
मग प्रश्न वेगळाच आहे. २० च्या रीड-मी (सोबतच्या माहितीच्या फाइल) मध्ये किमान ड्रायव्हर दिलेला असतो, तो ५७० च्या घरातला आहे. ५३६ वर ते धड चालणार नाही. म्हणजे २० हवं असेल तर ड्रायव्हर घ्यावाच लागेल, त्यात करू की नको हा भाग उरत नाही. पण परवाच्या आधी २० घेऊ नका. नव्या आवृत्तीने प्रोजेक्ट लायब्ररी (सगळे प्रोजेक्ट साठतात ती) एकदा अपग्रेड केली की ती १८ मध्ये परत उघडत नाही. काही अडलं तर ड्रायव्हर मागे नेता येईल, लायब्ररी नाही नेता येणार. तुमचं अर्धं लग्न त्याच लायब्ररीत आहे ना?

मिरजकर_फोटो:
हो. शिवाय अजून दोन पार्ट्यांचं काम पण त्यातच आहे.

कोल्हापुरी_कट:
मग बिलकुल नको. पोराला सांगा, त्याचा भाग डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये रेंडर करून, म्हणजे तयार व्हिडिओ काढून, दे. ती क्लिप १८.६ च्या टाइमलाइनवर सरळ बसते, ग्रेडिंग-बिडिंग सगळं त्यातच आलं. कट तुम्हालाच बदलायचे असतील तर त्याच्याकडून टाइमलाइन एक्सएमएल फाइलमध्ये (कटांची यादी) मागवा, पण त्यात त्याचं कलर आणि फ्युजनचं (इफेक्टचं) काम येत नाही. आमच्याकडे दोन टेबलं दोन आवृत्त्यांवर असतात, आम्ही रेंडरच मागतो.

हेडशॉट_हडपसर:
पण ड्रायव्हर तरी कर ना आत्ता, त्याने लायब्ररीला काय होतंय? डीडीयू (ड्रायव्हर पुसणारं टूल) मार, सेफ मोडमध्ये जुना साफ कर, नवा टाक. पंधरा मिनिटं.

सातारी_सीपीयू:
लायब्ररीला काही होत नाही, बरोबर. पण १८.६ ला ५३६ पुरतो, तर डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी बदलून मिळणार काय? एफपीएस? नवरीच्या एन्ट्रीला? आणि दर वेळी डीडीयू कशाला? इन्स्टॉल करताना कस्टममध्ये "क्लीन इन्स्टॉल"चा चौकोन असतो, बहुतेकांना तेवढं पुरतं. डीडीयू बिघडल्यावर.

हेडशॉट_हडपसर:
क्लीन इन्स्टॉल मागे कचरा ठेवतो. डीडीयूशिवाय मी ड्रायव्हर टाकतच नाही.

सातारी_सीपीयू:
तुम्ही प्रत्येक रिलीजला टाकता, म्हणून तुम्हाला लागत असेल.

संत्रा_गेमर:
आणि डीडीयू मारायचा तर आधी नेट बंद करा न. नाहीतर साफ केल्या केल्या विंडोज स्वतःचाच ड्रायव्हर आणून बसवते.

निवृत्त_पण_निवांत:
शेवटी सगळे मी म्हणालो तिथेच आले. करू नका.

सातारी_सीपीयू:
काका, तसं नाही. डिलिव्हरी झाली की करायचाच आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्येही सुरक्षेची भोकं निघतात, एनव्हिडिया दर वर्षी त्यांची पत्रकं काढते. २०२३ पासून तिथेच बसणं बरं नाही. मिरजकर, काम संपल्यावर आधी प्रोजेक्ट लायब्ररीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, विंडोजचा रिस्टोअर पॉइंट (मागे यायची खूण) करा, आणि गेम रेडी नको, स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. तो एडिटिंगची सॉफ्टवेअर चालवून तपासलेला असतो आणि कमी वेळा येतो. ५३६.९९ ची फाइलही उतरवून जवळ ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "रोल बॅक"चं बटण असतं, पण मागचा ड्रायव्हर साठवलेला नसेल तर ते दाबलंच जात नाही.

मिरजकर_फोटो:
ठीक. पोराला फोन केला. तो म्हणतो तासाभराची फाइल एचक्यू दर्जात ८० जीबीच्या वर जाते, नेटवरून कशी पाठवू?

कोल्हापुरी_कट:
फुल एचडीच द्यायचंय ना पेनड्राइव्हवर? मग त्याखालचा एसक्यू दर्जा घ्यायला सांगा, ५५ च्या आसपास बसेल. आणि नेट कशाला, जयसिंगपूर ते मिरज. हार्डडिस्क घेऊन गाडीला किक मारायला सांगा.

लॅमिंग्टन_रोडचा_पाहुणा:
हार्डडिस्क नको, एसएसडी घे. कोणती ते सांगू का?

सांगली_शूट्स:
विषयाला सोडून विचारतो, रागावू नका. मिरजेत सध्या सिनेमॅटिक व्हिडिओचा काय भाव चाललाय? ड्रोनचे वेगळे घेता की पॅकेजमध्येच? इकडे पार्ट्या ड्रोन फुकट मागतात.

कोल्हापुरी_कट:
ड्रोन वेगळाच लावा. एकदा फुकट दिला की पुढच्या लग्नाला क्रेन मागतात.

मिरजकर_फोटो:
पोरगा निघालाय डिस्क घेऊन. सातारी आणि कोल्हापुरी, धन्यवाद. ड्रायव्हर तुळशीच्या लग्नाआधीच करायला पाहिजे होता असं आता कुणी लिहू नका, तेव्हा पण कामच होतं. सांगली, दराबद्दल खासगी निरोप करतो, इथं पार्ट्या वाचतात.

बेळगावचा_बंडू:
माझ्याकडे १०५० टीआय आहे. वरचं सगळं वाचलं. मी ड्रायव्हर करू की नको?

सातारी_सीपीयू:
तुमचा पास्कल. ५८० च्या शाखेतला सगळ्यात अलीकडचा घ्या, पुढे फक्त तिमाही सुरक्षेचे येतील ते घेत राहा. ५९० पासून तुमचं कार्ड यादीत नाही. आत्ता कोणता आहे?

बेळगावचा_बंडू:
ते कुठे बघायचं?