फोनच्या जीपीएस ट्रॅकमध्ये मधेच सरळ रेघ येते, काय करू? (रविवारच्या आत हवंय)

संत्रा_मार्केट: रविवारी ग्रुपला घेऊन रामटेकला जातोय, अंबाळ्याच्या पायऱ्यांनी गडावर आणि मग टेकडीच्या धारेनं फिरून परत खाली. ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची ॲपमधली नोंद, नीट हवाय कारण तोच सगळ्यांना पाठवायचाय. पण मागच्या वेळी अंबाळा तलावावरूनच सरळ रेघ गेली, जसा काही मी पाण्यावरून चाललो. माझं अंतर सहा किमी, मित्राच्या फोनात त्याच वाटेचं नऊ. सेटिंग सगळं बरोबर आहे. पुन्हा इन्स्टॉल करा म्हणू नका, केलंय.

खिंडसीवाला: कोणता फोन, कोणतं ॲप?

संत्रा_मार्केट: अँड्रॉइड. ॲप फुकटातलं आहे, सगळे सारखेच असतात नं.

धूपगड1352: नसतात. पण ते जाऊ दे, सरळ जीपीएसवालं घड्याळ घे. मी घेतल्यापासून फोन बॅगेतच असतो.

संत्रा_मार्केट: रविवारी जायचंय भाऊ, घड्याळ कुठून आणू.

तर्री_पोहा: काहून एवढं डोकं खाता राजेहो, गडामागं नेटवर्कच नसन, रेंज गेली का रेघ येनारच.

पाऊलवाट: रेंजचा काही संबंध नाही. जीपीएस उपग्रहावरून येतं, नेट फक्त नकाशा उतरवायला लागतं. तो आदल्या रात्री घरच्या वायफायवर ऑफलाइन घेऊन ठेवायचा. नागद्वारीच्या यात्रेत मी दिवसभर फोन फ्लाइट मोडवर ठेवून ट्रॅक घेतलाय.

तर्री_पोहा: फ्लाइट मोडले जीपीएस बंद होते.

पाऊलवाट: जुन्या फोनात होत असेल, आताच्या फोनात चालू राहतं. संत्रा, रेकॉर्डिंग लावून स्क्रीन बंद केली होती का? आणि बॅटरी सेव्हर?

संत्रा_मार्केट: स्क्रीन बंदच असणार नं, खिशात होता फोन. सेव्हर तर लागतोच, दिवसभर पुरायला नको का.

पाऊलवाट: मग तेच आहे. स्क्रीन बंद झाली की फोन बॅटरी वाचवायला ॲपला झोपवतो, तू फोन काढून बघतोस तेव्हा ते जागं होतं आणि जुना बिंदू नव्याला जोडून देतं. सेव्हर काढ. सेटिंगमध्ये ॲप्स, तुझं ॲप, बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड कर. लोकेशनला 'अलाऊ ऑल द टाइम' दे. पॉवर बँक ने. आणि डायरेक्ट रामटेकला नको, आधी इथल्या फुटाळा तलावावर फोन खिशात ठेवून एक चक्कर मारून बघ.

खिंडसीवाला: म्हणजे मित्राचे नऊ बरोबर?

पाऊलवाट: तेही कशावरून? एका जागी बसलं तरी जीपीएसचा बिंदू दोनचार मीटर इकडेतिकडे सरकतच असतो. भजी खात अर्धा तास बसले असतील तर तिथे ट्रॅकचा गुंता झालेला दिसेल, झूम करून बघा. तेवढं अंतर फुकटचं वाढतं. बसताना पॉज करायचं.

टोपोशीट: रेकॉर्डिंगचं एवढं चाललंय, प्लॅनिंगचं कोणीच बोलत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर 1:50,000 चे नकाशे आहेत, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघून चढ आधीच कळतो. वेळेसाठी नेस्मिथचा 1892 चा नियम धरा, पाच किमीला एक तास, वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास.

धूपगड1352: तो स्कॉटलंडचा माणूस. नागपूरच्या उन्हात दुप्पट धरा.

टोपोशीट: तापलेल्या पायऱ्यांवर दुप्पटही कमीच पडेल, ते मान्य. पण सुरुवात कुठूनतरी करावी लागते.

वाघोबा_पेंच: पेंचला पायी फिरायला परवानगी लागते हां, कोअरमध्ये तर सोडतच नाहीत.

खिंडसीवाला: पेंचला कोण चाललंय?

तर्री_पोहा: गडावर माकडं हायेत, प्रसादाची थैली हातात धरू नका. मोबाईलबी सांभाळा.

संत्रा_मार्केट: फुटाळ्यावर चक्कर मारली, रेघ नाही आली. पण आता घरी बसून उंची 250 दाखवतंय, नागपूर 310 आहे नं? फोन खराब आहे का?

पाऊलवाट: फोन ठीक आहे. जीपीएस उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतं, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या आकाराच्या साधारण साठ मीटर खाली येते. म्हणून आकडा तेवढा कमी दिसतो. ऑसमअँड नावाच्या नकाशाच्या ॲपमध्ये ही दुरुस्ती करता येते. चढ किती झाला त्याला फरक पडत नाही, दोन्हीकडून तेवढंच वजा होतं.

धूपगड1352: घड्याळात हवेच्या दाबावरून उंची मिळते, हेच सांगत होतो.

टोपोशीट: आणि वादळी हवा असली की घरबसल्या डोंगर चढल्यासारखं दाखवतं.

संत्रा_मार्केट: बरं. ते जीपीएक्स, म्हणजे ट्रॅकची फाइल, ग्रुपवर टाकलं तर अर्ध्या लोकांकडे उघडतच नाहीये, कशात उघडायला सांगू?