मदत हवी आहे : समुद्री अभयारण्यात मच्छीमार बोटींच्या घाणीला नक्की कोणता कायदा लागतो?

पांझराकाठ : नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. लॉच्या प्रोजेक्टसाठी नियमावलीचा मसुदा करायचाय, बोटींवरून पाण्यात जे टाकतात त्यावर. मार्पोल (जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार) वाचलं तर ४०० टनाखालच्या बोटी सुटतात असं दिसतंय, मग आपल्या बोटींना नियमच नाही का? सोमवारी सरांना दाखवायचंय आणि धुळ्यात समुद्रातलं विचारायला कोणी नाही. प्लीज लवकर सांगा.

गिरणामाय : कोणतं अभयारण्य? बोटी कोणत्या? आणि टाकतात म्हणजे काय टाकतात, तेल, प्लास्टिक, संडासचं पाणी की मासळीची घाण? प्रत्येकाचं वेगळं आहे ताई.

हतनूरवाला : समुद्र राहू द्या हो, आपली तापी बघा आधी. वाघूर, गिरणा, पांझरा सगळ्यांचं सांडपाणी तापीत, तिथून उकाई धरण आणि मग सुरतजवळ समुद्रात. हतनूर धरणावर प्रोजेक्ट करा, हिवाळ्यात पक्षी भरपूर येतात, मी स्वतः फिरवतो.

पांझराकाठ : दादा, विषय सरांनी दिलाय, बदलता येत नाही. अभयारण्य मालवणचं, महाराष्ट्रात दुसरं कुठलं आहे? बोटी म्हणजे इंजिनवाल्या, ट्रॉलर वगैरे. सगळीच घाण धरा.

गिरणामाय : ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य पण आहे, २०१५ चं. मसुद्यात नाव आणि हद्द स्पष्ट टाका. मालवणचं १९८७ चं, साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा (सगळ्यात कडक संरक्षणाचा भाग) ३ च्या थोडा वर, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच येतात.

इंजिनरूम_चाळीसगाव : मी व्यापारी जहाजांवर इंजिनात होतो. ४०० टनाचं तुम्ही अर्धंच वाचलंय. त्याखाली सर्टिफिकेट आणि तेलाची नोंदवही लागत नाही, पण तेल सोडायची मोकळीक कुणालाच नाही. लहान बोटीने तळाचं तेलकट पाणी एकतर साठवून बंदरावर द्यायचं, नाहीतर मान्यताप्राप्त यंत्रातून चालत्या बोटीवरून सोडायचं आणि त्यात तेल दहा लाखात १५ भागांपेक्षा जास्त नको. प्लास्टिक तर कोणत्याही बोटीला पूर्ण बंद, तुटलेलं जाळं मुद्दाम टाकणंसुद्धा त्यातच आलं. खरी फट दोन ठिकाणी आहे. संडासच्या पाण्याचे नियम ४०० टनाखाली फक्त १५ पेक्षा जास्त माणसांचा परवाना असेल तरच लागतात, ट्रॉलरवर एवढे खलाशी कुठे असतात? आणि त्याच फेरीत पकडलेली ताजी मासळी, तिचे तुकडे, हे मार्पोलच्या कचऱ्याच्या व्याख्येतच नाही. मसुदा या दोन गोष्टींवर करा, त्यात दम आहे.

सातपुडा_फिरस्ता : मालवणला जायचं असेल तर पावसाळ्यात जाऊ नका, किल्ल्याची होडी बंद असते. बोटींचीपण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते.

वकील_अमळनेर : मार्पोलमध्येच अडकू नका. वन्यजीव कायदा १९७२ चं कलम ३२ बघा, अभयारण्यात वन्यजीवाला अपाय होईल असं रसायन किंवा कुठलाही पदार्थ वापरायला बंदी आहे, तिथे टनाची अटच नाही. दंड जबर ठेवा, त्याशिवाय कोणी ऐकत नाही.

गिरणामाय : कलम ३२ 'वापरणे' म्हणतं साहेब, टाकणं त्यात बसतं का यावर कोर्टात दिवस जातील. कलम २९ जास्त जवळचं, अधिवासाला नुकसान नको असं ते सांगतं. आणि नुसत्या दंडाने काय होणार? तांडेल (बोटीचा प्रमुख) इंजिनचं जळकं तेल घेऊन धक्क्यावर आला तर द्यायचं कुणाकडे? केरळात २०१७ ला नींदकरा बंदरावर जाळ्यात आलेलं प्लास्टिक मच्छीमारांनीच किनाऱ्यावर आणायला सुरुवात केली आणि ते रस्त्याच्या कामात वापरलं. तसं काहीतरी लिहा.

वकील_अमळनेर : ते प्लास्टिकचं झालं, तेलाचं काय? दंडाची भीती पाहिजेच.

गिरणामाय : मालवणच्या मच्छीमारांचा अभयारण्यालाच विरोध होता, पोटावर येतं म्हणून. वन्यजीव कायद्याच्याच कलम २६अ मध्ये स्पष्ट आहे, समुद्रातलं अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायचं. तुम्ही दंडापासून सुरुवात केली तर पहिल्याच वाचनात मसुदा पडेल.

तापीथडी : तुम्हनं बरोबर शे भो. नंदुरबारकडे सरदार सरोवराच्या पाण्यात लहान होड्या आहेत, त्यांचं पोट त्याच्यावर आहे, वरून आलेला नियम कुणाला पटत नाही.

हतनूरवाला : सरोवराचंच म्हणतोय मी पण. गोडं पाणी कोणी बघतच नाही.

पांझराकाठ : खूप मदत झाली, विशेष करून इंजिनरूम काकांची. संडासचं पाणी आणि मासळीची घाण यावर वेगळा नियम करते, तेलाला आधी धक्क्यावर टाकी आणि मग दंड. पण ही टाकी कोणी बसवायची, वनखात्याने की मत्स्य विभागाने?

इंजिनरूम_चाळीसगाव : ज्या धक्क्याला बोटी लागतात तो अभयारण्याच्या हद्दीत येतो की बाहेर? अधिसूचनेतला नकाशा आहे का तुमच्याकडे? तो टाका इथे, मग सांगतो.