बारामोटेच्या विहिरीवर क्यूआर कोड लावायचाय, पण खाली रेंजच नाही

लिंबकर_पोरगा:
सातारकरांनो, सल्ला पाहिजे. आम्ही चार-पाच पोरं रविवारी लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर येणाऱ्यांना माहिती सांगतो. लोक जिना उतरतात, सेल्फी काढतात, दहा मिनिटांत माघारी. आतल्या महालाकडं मान वर करून बघत पण नाहीत. म्हणून फ्लेक्स छापला, त्यावर क्यूआर कोड टाकला. पहिला घोळ: खाली फोनला रेंज नाही, गोल फिरतंय ते फिरतंयच. दुसरा: कोड ज्या फुकट साइटवर बनवला तिनं महिन्याभरात तो बंद करून पैसे मागितले. तिसरा म्हणजे उन्हात फ्लेक्सचा रंग उडाला. पुढं काय करू?

तार_जोडणारा:
भाऊ, कोड खाली लावायचाच कशाला? जिन्याच्या वर लावा, तिथं रेंज असेल तर उतरायच्या आधीच उघडेल. कोडमध्ये थेट तुमच्या पानाचा पत्ता भरा, मधल्या साइटचा नको. मग तो कुणी बंद करू शकत नाही. बनवताना चूक-दुरुस्तीची पातळी 'एच' निवडा, सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी वाचला जातो. व्हिडिओच्या नादाला लागू नका. तीन मिनिटांचा आवाज 64 केबीपीएसला दीड एमबीत बसतो. आणि दगडात खिळा ठोकू नका हो! परवानगी काढा आणि पाटी स्वतंत्र स्टँडवर उभी करा.

इतिहासाचा_नादी:
कोड राहू दे, आधी मजकूर तपासलात का? फ्लेक्सवर 'इ.स. 1641 ते 1646' असेल तर ते पुसा. ते आकडे शकाचे आहेत. 78 मिळवा, 1719 ते 1724 येतं. विहीर वीरूबाई भोसल्यांची, म्हणजे साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली. महाराजांचा जन्मच 1682 चा! इंटरनेटवर निम्म्या ठिकाणी हीच चूक आहे आणि तुमचा कोड ती प्रत्येक फोनात पोचवणार.

लिंबकर_पोरगा:
मेलो. 1641च छापलंय. बरं झालं फ्लेक्स उडाला म्हणायचं.

वरची पाटी, स्वतःचं पान, नुसता आवाज, ठरलं. आवाजही सापडला. आमच्या आज्यानं तरुणपणी मोट हाकलीय, म्हणजे बैलांकडून चामड्याच्या मोठ्या पिशवीनं विहिरीतलं पाणी वर ओढलंय. काल सहज विचारलं तर तासभर बोलत बसला: धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, बैल कसे उतरायचे, नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर कधी ताणायचा, मोटेच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, कसं पडायचं. बारा मोटा एका वेळी म्हणजे चोवीस बैल, हा हिशोब त्यानंच घातला. मी इतकी वर्षं नुसतं 'बारामोटेची' म्हणत होतो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, मागं मिक्सरचा आवाज येतोय, परत करावं लागेल. कुणाच्या माळ्यावर जुनी चामड्याची मोट असेल तर फोटो टाका. आज्याचं म्हणणं, नुसतं ऐकून पोरांना ती बादलीच वाटणार.