अनुभव धागा: छातीतली जळजळ आणि घशाशी येणारं आंबट पाणी, नेमकं कशाने थांबतं?

आठवड्यातून दोन-तीनदा छातीत जळतं, वाकलं की आंबट पाणी घशाशी येतं, रात्री ठसका लागून जाग येते. मुंबईत ‘मला ॲसिडिटी आहे’ हे लोक आडनाव सांगावं तसं सांगतात, इतकं ते अंगवळणी पडलंय. या धाग्यात उपाय लिहा, पण ‘तिखट-तेलकट बंद करा’ एवढंच नको, ते सगळ्यांना पाठ आहे. काय, किती, जेवणाआधी की नंतर, आणि करूनही गुण का येत नाही, ते लिहा. कर्मकहाण्या टाळा. जे रोज हे बघतात, करतात, रांधतात त्यांनी आधी लिहावं.

चर्नीरोडचा केमिस्ट

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या बहुतेक लोक जळायला लागल्यावर घेतात, तेही जेवून उठल्यावर. अशी घेतली की निम्मे पैसे पाण्यात. जठरात आम्ल सोडणारे पंप जेवण आलं की चालू होतात आणि ही गोळी चालू असलेलाच पंप बंद करते. त्यामुळे पंप चालू होतील तेव्हा ती रक्तात हजर हवी. सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. त्यानंतर मात्र नीट नाश्ता. गोळी घेऊन नुसत्या चहा-खारीवर लोकल पकडली तर सगळे पंप जागेच होत नाहीत आणि दुपारी परत जळजळ. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे ‘काल घेतली, काही झालं नाही’ म्हणून दुसरी कंपनी मागण्यात अर्थ नसतो. गोळी फोडू किंवा चघळू नका. वरचं कवच ती जठरातून सुखरूप पुढे जावी म्हणूनच असतं.

नावापुढे ‘डी’ असलेल्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोनही असतं. ते मळमळीचं औषध आहे. साठीच्या पुढच्यांना, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्यांना आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. शेजाऱ्याच्या पट्टीतली एक मागून घेऊ नका ती याचसाठी.

आणि ज्यांच्या घरच्या डब्यात अजून रॅनिटिडीन आहे त्यांनी ते बाजूला ठेवा. कर्करोगाचा धोका असलेली एनडीएमए नावाची अशुद्धी त्यात वाढत जाते म्हणून अमेरिकेने ते २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं आणि आपल्याकडे २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं गेलं. त्याच गटातलं फॅमोटिडीन मिळतं. तासाभरात काम सुरू करतं, रात्र काढून देतं, पण रोज घेतलं तर काही दिवसांतच शरीर त्याला सरावतं.

परळची सिस्टर

रात्रीच्या त्रासाला गोळीइतकंच पलंगाचं डोकं महत्त्वाचं. उशी वाढवायची नाही, पलंग उचलायचा. दोन-तीन उशा घेतल्या की मान वाकते, पोटाची घडी पडते आणि दाब उलट वाढतो. डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर वर हवी.

लोखंडी कॉट असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली प्रत्येकी दोन विटा, आडव्या. पाय पोकळ नळीचा असतो, तो विटेत रुतून तिचा भुगा करतो, म्हणून वर शहाबादी फरशीचा तुकडा किंवा जाड फळी ठेवा आणि पायाला रबरी बूच बसवा. कॉट भिंतीला टेकलेली असू द्या, नाहीतर कुशी बदलताना विटेवरून घसरते. पहिले काही दिवस माणूस घसरत पायथ्याशी जातो. रेक्झिनच्या गादीवर जास्तच. वर जाड सुती चादर घातली की थांबतं.

सामान भरायचा पेटीवाला पलंग उचलता येत नाही. त्याला फोमची उतरती गादी मिळते, तीच घ्यायची तर कमरेपासून वर चढणारी घ्या, फक्त खांद्याखाली येणारी नको. जमिनीवर झोपणाऱ्यांनी सतरंज्या आणि गोधड्यांच्या घड्या गादीच्या खाली, पायरीपायरीने लावा. गादीच्या वर ठेवल्या तर त्या पुन्हा उशाच होतात.

डाव्या कुशीवर झोपा. डाव्या कुशीवर जठर खाली आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं, उजव्या कुशीवर नेमकं उलट. पाठीशी लोड लावला की झोपेत उलटं वळणं कमी होतं.

अंबरनाथ फास्ट

जेवण आणि आडवं होणं यात तीन तास हवेत असं सगळे सांगतात. साडेनऊला घरी पोचून साडेअकराला झोपणाऱ्याने ते आणायचे कुठून? जेवणाची जागा बदलायची, एवढाच मार्ग चालतो. दोन डबे न्यायचे. दुसरा संध्याकाळी सहा-साडेसहाला ऑफिसातच, दोन पोळ्या आणि कोरडी भाजी. घरी पोचल्यावर वाटीभर मऊ भात-वरण किंवा मुगाचं कढण, बस्स. अडचण घरच्यांची असते. ताट वाढून वाट बघत असतात. त्यांना एकदा नीट समजावणं हाच यातला सगळ्यात कठीण भाग.

दुसरं, गर्दीत सॅक पुढे, पोटावर घ्यायची सवय. भरल्या पोटावर लॅपटॉपची सॅक, त्यावर घाटकोपरची गर्दी, आणि कमरेला घट्ट पट्टा. आंबट पाणी वर येणारच. सॅक वरच्या रॅकवर द्या, पट्टा एक भोक सैल करा. स्टेशनवर वडापाव खाल्लाच तर पाच मिनिटांत गिळून वर कटिंग ओतू नका. तळलेलं जठरात जास्त वेळ रेंगाळतं, आणि घाईघाईत गिळलेली हवा ढेकर देताना आम्ल सोबत घेऊनच येते.

लालबागची ताई

पट्ट्याचं लिहिलंत तसं बायकांनी परकराच्या नाडीचंही लक्षात घ्या. जेवल्यावर लगेच ओट्यावर वाकून भांडी घासणं किंवा बसून फरशी पुसणं नको. ती कामं आधी उरका, किंवा तासभर तशीच राहू देत. भांडी कुठे पळून जात नाहीत.

गिरगावच्या काकू

उपवासाचं कुणीच लिहिलं नाही. सगळ्यात जास्त पित्त उसळतं ते संकष्टीला. दिवसभर रिकाम्या पोटी चहावर चहा, दुपारी तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वर मूठभर दाण्याचं कूट आणि हिरव्या मिरच्या. मग चंद्रोदयाची वाट, तो बहुतेकदा साडेआठ-नवाच्या पुढे. तेव्हा बटाट्याची भाजी, वरणभात, तुपाची धार धरलेले मोदक असं साग्रसंगीत जेवण आणि तासाभरात अंथरुणावर.

उपवास सोडायला सांगत नाही. सकाळी चहाआधी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू खा. दुपारी खिचडीऐवजी वरीचा भात, आणि दाण्याची आमटी पातळ, चौघांत चार चमचे कुटाची. खिचडीच हवी तर एक वाटी, मिरचीऐवजी जिऱ्याची फोडणी. रात्री मोदक एक किंवा दोन, आणि त्या दिवशी झोप उशिरा.

रोजच्या स्वयंपाकात टोमॅटो काढून आमसूल घातलं तर फरक पडेल ही आशा नको, आंबट ते आंबटच. प्रमाण कमी करा, चौघांच्या आमटीला दोन आमसुलं पुरतात. सोलकढी थंड म्हणून लोक दोन-दोन वाट्या पितात, पण नारळाचं पहिलं दाट दूध म्हणजे स्निग्ध पदार्थच. पचायला वेळ घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या दुधाची पातळ करा. जेवणाबरोबर कच्चा कांदा हा पुष्कळांचा छुपा शत्रू असतो, तो आठवडाभर बंद करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बंद करायची. सगळं एकदम सोडलं की कशाने गुण आला ते कळत नाही आणि माणूस जन्मभर उगाच पथ्य पाळत बसतो.

सीप्झ नाइट शिफ्ट

काकू, थंड दूध चालेल का? आमच्याकडे मशीनजवळ सगळे तेच पितात.

गिरगावच्या काकू

चार घोट तात्पुरते बरे वाटतात. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, म्हणून तासाभराने परत जळतं. घ्यायचंच तर साय काढलेलं, अर्धा कप, आणि झोपायच्या तोंडावर नको. रात्रपाळीवाल्यांनी मुख्य जेवण पाळीच्या आधी करावं, पहाटे घरी येऊन पोटभर पोहे खाऊन लगेच झोपू नये.

चर्नीरोडचा केमिस्ट

इनोबद्दल दोन जणांनी वेगळं विचारलंय. इनो किंवा खाण्याचा सोडा आम्ल लगेच मारतो, पण पोटात गॅस होतो, ढेकर येतो आणि ढेकराबरोबर थोडं वरही येतं. शिवाय सोडियम भरपूर. अर्धा चमचा सोड्यातच ६०० मिलिग्रॅमच्या आसपास. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हात लावू नका. कधीतरी ठीक, रोज नाही.

पातळ अँटासिड रिकाम्या पोटी अर्धा-एक तासच टिकतं. जेवणानंतर तासाभराने १० मिली घेतलं तर दोन-तीन तास काम देतं. ॲल्युमिनियमने पोट आवळतं, मॅग्नेशियमने सैल होतं, म्हणून बाटलीत बहुधा दोन्ही असतात. थायरॉइडची गोळी, लोह, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्या जवळपास अँटासिड नको, निदान दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडच्या गोळीला चार तास, आणि अँटासिड आधी घेतलं असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनला सहा तास.

आम्लापेक्षा पाणी वर येण्याचा त्रास जास्त असेल तर सोडियम अल्जिनेटचं औषध बघा. ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा थर तयार करतं. जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं, आणि वरून पाणी प्यायचं नाही. तिथेच लोक चुकतात. घोटभर पाण्याने चव घालवायला जातात आणि तो थर मोडतो.

दुसऱ्या औषधांकडेही बघा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन जठराला सोलतात. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन काहींच्या अन्ननलिकेची झडप सैल करते. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. डॉक्सिसायक्लिन किंवा हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेट पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच भाजते.

दादरचा वैद्य

अविपत्तिकर चूर्ण सगळे सर्रास घेतात. त्यात निम्मी साखर असते आणि उरलेल्यात सर्वांत जास्त निशोत्तर, म्हणजे रेचक. मधुमेह असेल तर जपून. रोज जुलाबासारखं होत असेल तर मात्रा जास्त होतेय. सूतशेखर हा पाऱ्याचा रसकल्प आहे, दुकानातून आणून महिनोन्‌महिने खायची गोष्ट नव्हे. ज्येष्ठमध घशाला बरा वाटतो, पण आठवडेच्या आठवडे घेतला तर रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो. मोरावळा आंबट-गोड आहे, काहींना मानवतो, काहींना त्यानेच जळतं. साळीच्या लाह्या मात्र कुणालाही चालतात.

मुलुंडचा योगवर्ग

जेवणानंतर शतपावली, दहा-पंधरा मिनिटं, रमत. वज्रासन पाच मिनिटं, गुडघे धड असतील तरच. सूर्यनमस्कार, कपालभाती, हलासन जेवणानंतर तीन तास नको, पोटावर दाब येतो. पोटाने श्वास शिका. ताठ बसा, एक हात छातीवर, एक पोटावर, छातीचा हात हलू द्यायचा नाही, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास. श्वासपटलाचा स्नायू अन्ननलिकेच्या झडपेला बाहेरून आवळून धरतो, तो यात कामाला लागतो. दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं, आणि महिनाभर तरी. दोन दिवसांत काही होत नाही.

तंबाखू, मिश्री, सिगारेट यांतल्या निकोटिनने तीच झडप सैल पडते. ते चालू ठेवून श्वासाचे व्यायाम म्हणजे गळक्या बादलीत पाणी.

परळची सिस्टर

हे सगळं करताना एक ध्यानात ठेवा. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा भरून येणं, जिना चढताना त्रास वाढणं, यात इनो पिऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन आणि ईसीजी. मधुमेही माणसाला आणि बायकांना हृदयाचा त्रास कधीकधी नुसत्या जळजळीसारखाच जाणवतो.

घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यातलं काहीही असेल तर दुर्बीण (एंडोस्कोपी) करून घ्या. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, तेव्हा ती चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. केईएम, सायन, नायर, कूपर इथे सोय आहे. ओपीडी सकाळची, लवकर जा, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. तपासणीआधी सहा ते आठ तास पोट रिकामं. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूची तपासणी करायची असेल तर पॅन्टोप्राझोलसारखी गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ असा येतो. दुर्बिणीत काहीच दिसलं नाही म्हणजे त्रास खोटा असं नाही. निम्म्याहून जास्त जणांत अन्ननलिका दिसायला चांगली असते.

अंबरनाथ फास्ट

गोळी बंद केली की दुप्पट जळतं असं बरेच जण म्हणतात. मग ती कायमचीच का?

चर्नीरोडचा केमिस्ट

नाही. बरेच दिवस पंप दाबून ठेवले की सोडल्यावर ते काही काळ जास्त आम्ल सोडतात. आजार परत आला असं वाटून लोक पुन्हा गोळी सुरू करतात आणि चक्र चालूच राहतं. नेहमीचा कोर्स चार ते आठ आठवड्यांचा असतो. तो संपला की डॉक्टरांना विचारून आधी मात्रा निम्मी, मग दिवसाआड, मग बंद. मधल्या दोन-चार आठवड्यांत जळलं तर अल्जिनेट किंवा फॅमोटिडीनवर निभवा. अन्ननलिकेला मोठी जखम असलेल्यांना, बॅरेट (अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरात झालेला बदल) सांगितलेल्यांना आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर संरक्षण म्हणून दिलेली असेल त्यांना हे लागू नाही. त्यांनी आपल्या मनाने एक दिवसही चुकवू नये.