घरापासून आगरातल्या खोलीपर्यंत वायफाय कसं न्यायचं? ७८ मीटर अंतर, मधे सगळी सुपारी

गुहागरची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. इथली घरं ज्यांनी बघितलीत त्यांना लगेच कळेल, रस्त्याला घर आणि मागे समुद्रापर्यंत लांबच लांब चिंचोळं आगर, नारळ-सुपारीचं. त्या आगराच्या समुद्राकडच्या टोकाला आमची एक जुनी खोली आहे, पूर्वी नारळ सोलायला आणि सुपारी ठेवायला वापरायचे, आता कौलं बदलून लाईट-पंखा घेतलाय. जानेवारीत अण्णांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी पुण्याहून इकडेच आहे, ऑफिसने घरून काम मान्य केलंय म्हणून त्यांच्याजवळ राहता येतंय. पण घरात दिवसभर अण्णांना भेटायला माणसं येतात, टीव्ही चालू असतो, कॉल घेता येत नाही. खोलीत शांतता आहे पण नेट नाही.

घरी फायबर आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन, माजघरात बसून टेस्ट केली तर ९० च्या वर येतो म्हणजे कनेक्शनबद्दल तक्रार नाही. फायबरवाल्याने जो डबा दिलाय तो माजघरात टीव्हीच्या मागे आहे. घर चिरेबंदी, भिंती दीड फुटाच्या. डब्यापासून खोलीपर्यंत टेपने मोजलं, ७८ मीटर. मधे सुपारी, थोडे नारळ, दोन जायफळं, केळी आणि पाण्याचा पाट.

मी ऑनलाईन एक रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे देणारा डबा) मागवला आणि खोलीत लावला. फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या फुल दिसतात, पण स्पीड १-२ एमबीपीएस, मीटिंगमधे माझा आवाज तुटतो, आणि परवा अवकाळी पडला तेव्हा दांड्या फुल असूनही काहीच उघडेना. केबल टाकायला आई तयार नाही कारण पाट आणि सुपारीची मुळं खणावी लागतील. वायरलेसच काहीतरी सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत करायचंय.

खाडीपट्टा

ताई, त्या दांड्या रिपीटर ते फोन एवढ्याच अंतराच्या आहेत. रिपीटर तुमच्या शेजारी आहे त्यामुळे त्या फुल दिसणारच. रिपीटरला मागून घराकडून किती मिळतंय ते त्या दांड्यांत दिसतच नाही आणि खरी अडचण तिथे आहे. रिपीटर कधीही जिथे नेट नाही तिथे लावायचा नसतो, जिथपर्यंत नेट बऱ्यापैकी पोचतंय तिथे लावायचा, म्हणजे साधारण अर्ध्या वाटेत. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो पण आणि देतो पण, त्यामुळे जे काही मिळतंय त्याचंही निम्मं होतं.

पैसे खर्च करायच्या आधी फुकटातलं एक काम करा. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाईपचं कुठलंही अ‍ॅप घ्या, रिपीटर बंद ठेवा, आणि घरच्या वायफायचा सिग्नल माजघरात किती, मागच्या पडवीत किती, पाटाजवळ किती ते डीबीएममधे लिहून काढा. आकडा मायनसमधे असतो, शून्याकडे जेवढा जवळ तेवढा चांगला. व्हिडिओ कॉलला -६७ च्या आसपास तरी पाहिजे, -८० च्या खाली गेला की काम संपलं.

गुहागरची_लेक

केलं. आमच्या वायफायचे दोन बँड दिसतात. २.४ गीगाहर्ट्झवर माजघरात -४१, मागच्या पडवीत -७२, पाटाजवळ -८४, खोलीत कधी -९० दिसतं कधी काहीच नाही. ५ गीगाहर्ट्झ तर पडवीतच -८५ आहे.

खाडीपट्टा

मग आगराला दोष द्यायच्या आधी घराला द्यायला हवा. माजघर ते पडवी एवढ्यातच ३१ डेसिबल गेले. म्हणजे फक्त अर्ध्याहून थोडा जास्त सिग्नल गेला असं समजू नका, दर १० ला दहावा हिस्सा उरतो, ३० ला हजारावा. दीड फूट जांभा आणि तोही दोन भिंती, पावसाळ्यात चिरा पाणी धरतो तेव्हा अजून वाईट. आधी नेट भिंतीबाहेर पडवीत आणा, तेवढी केबल घरातल्या घरात माळ्यावरून नेता येईल, खणावं लागणार नाही. पुढचं नंतर.

मालवणी_मांगर

आमच्या मांगरात (शेतातल्या खोपटात) पण ह्योच त्रास होतो. मी अर्ध्या वाटेत माडार प्लास्टिकच्या डब्यात रिपीटर लावलेलो, लाईटची वायर पण ओढून नेलंय. एक पावसाळो टिकलो नाय. डब्यात वाफ धरता, आणि माकडांनी वायर दोनदा तोडली. ताई झाडार काय पण लावू नकात, माड हलता आणि वरसून नारळ पडता.

चिपळूण_सीसीटीव्ही

मी कॅमेरे आणि नेटवर्किंगची कामं करतो, गुहागर-वेळणेश्वर बाजूला होमस्टेची बरीच कामं केलीत त्यामुळे तुमचं आगर डोळ्यासमोर आलं. तुम्हाला रिपीटर नको, पॉइंट टू पॉइंट लिंक पाहिजे. म्हणजे बाहेर लावायच्या सीपीईची (अँटेना आणि रेडिओ एकत्र असलेल्या डब्याची) जोडी, एक घराच्या मागच्या भिंतीवर आणि एक खोलीच्या भिंतीवर, तोंडं समोरासमोर. टीपी-लिंकचा सीपीई ५१० घ्या किंवा त्या वर्गातलं दुसऱ्या कंपनीचं, काही बिघडत नाही. राऊटर सगळीकडे गोल सिग्नल फेकतो, हे साधारण ४५ अंशांच्या झोतात एकाच दिशेला फेकतं, म्हणून एवढ्याशा पॉवरवर लांब जातं. ५ गीगाहर्ट्झचं घ्या, आजूबाजूच्या घरांच्या २.४ चा गोंधळ लागत नाही, आणि २०१८ पासून ह्या बँडला बाहेर वापरायलाही लायसन्स लागत नाही. मात्र ५ गीगाहर्ट्झ पानांतून जात नाही, ओल्या पानांतून तर मुळीच नाही, म्हणून पुढचं नीट वाचा.

सगळे सांगतात की जेवढं उंच लावाल तेवढं चांगलं. मोकळ्या माळावर खरं आहे, आगरात चुकीचं आहे. वर ३०-४० फुटांवर झावळ्यांचं छत असतं, तिथे पाईप उभारून युनिट लावलं तर ते नेमकं झावळ्यांत जाऊन बसतं. सुपारीच्या बागेत मोकळी जागा कुठे असते, तर खाली, खोडांच्या मधे, ८ ते १० फुटांवर. सुपारीचं खोड बारीक असतं, ओळींत लावलेली असतात, त्यामुळे दोन ओळींच्या मधे सरळ बोळ सापडतो. तो बोळ शोधायचा. रात्री खोलीच्या भिंतीवर १० फुटांवर बॅटरी बांधून ठेवा आणि पडवीतून शिडीवर चढून बघा, दिवा जिथून स्वच्छ दिसतो तिथे खूण करा. दिसला म्हणजे झालं असं पण नाही, सिग्नलला सरळ रेषेभोवती थोडी फुगीर जागा लागते, ७८ मीटरला ५.८ गीगाहर्ट्झवर मधोमध सगळ्या बाजूंनी एक मीटर, त्यातली ६० टक्के तरी मोकळी पाहिजे. म्हणजे मधे दोन फूट जागा सगळीकडून. २.४ ला तीच दीड मीटर लागते. जायफळ मधे आलं तर विसरा, त्याचा घेर खालपर्यंत आणि वर्षभर हिरवा. सुपारीवर मिरवेल चढवली असेल तर ते खोड धरू नका, पानांची भिंत धरा.

सेटिंग सोपं आहे. घराकडचं अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला (सिग्नल देणारं), खोलीतलं क्लायंट मोडला (घेणारं). टीपी-लिंकचा सुरुवातीचा पत्ता दोन्हीला १९२.१६८.०.२५४ असतो म्हणून दोन्ही एकदम लावू नका, एकेक करून तुमच्या राऊटरच्या ओळीतले वेगवेगळे पत्ते द्या. डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटायचं काम, फक्त घरच्या डब्याचं चालू, बाकी सगळीकडे बंद. पासवर्ड डब्ल्यूपीए २ ठेवा. खोलीत जुना राऊटर असेल तर त्याचंही डीएचसीपी बंद करून केबल वॅनमधे नाही, लॅनच्या भोकात घाला. युनिटला लाईट त्याच नेटच्या केबलमधून जाते, अ‍ॅडाप्टरला दोन भोकं असतात, पीओई लिहिलंय ते युनिटकडे आणि लॅन लिहिलंय ते राऊटरकडे, उलटं करू नका, त्यात व्होल्टेज असतं. एवढ्या कमी अंतराला पॉवर पण कमी करा, -५० ते -६० मधे आला की भरपूर.

दापोलीकर_फायबर

वरच्या भाऊंचं सगळं बरोबर पण माझं मत वेगळं. ताई, एकदाच खर्च करा आणि फायबर टाका. निसर्ग वादळात, ३ जून २०२०, आमच्या वाडीत उभी झाडं कमी आणि आडवी जास्त होती, बाहेर टांगलेलं काहीच राहिलं नाही. आणि तांब्याची केबल तर कोणी सांगितली तरी दोन इमारतींच्या मधे टाकू नका. आमच्याकडे मी कॅट ६ टाकलेली, १०० मीटरच्या आत होती म्हणून चालायची छान, मग ऑक्टोबरात वीज जवळ पडली आणि घरचा डबा, मधला स्विच, खोलीतला राऊटर असं एका क्षणात गेलं. वीज कुठल्या झाडावर पडली तेही दिसलं नाही. फायबर काचेचं, त्यातून वीज वाहत नाही. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या नेटच्या केबलशी जोडणारे डबे) लावले की झालं. एक वीत खोल चर पुरतो, मुळं तोडावी लागत नाहीत, वळसा घालता येतो.

चिपळूण_सीसीटीव्ही

फायबर सगळ्यात चांगलं, ह्यात वाद नाही. पण जोड द्यायला स्प्लायसिंगचं मशीन आणि माणूस लागतो, मेच्या शेवटी तो मिळणं कठीण, आणि पाटाखालून न्यायचं तर पाईप टाकावा लागेल. ताईंना पंधरा दिवसांत पाहिजे. आत्ता लिंक, दिवाळीनंतर जमीन वाळली की फायबर.

विजेचं मात्र मनावर घ्या. लिंक वायरलेस असली तरी भिंतीवरची केबल तांब्याचीच आहे. ती छोटी ठेवा, युनिट कौलांच्या वर काढू नका, वळचणीखाली लावा. मे महिन्यातला अवकाळी आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस ह्यात गडगडाट जास्त, तेव्हा दोन्हीकडचे प्लग काढून ठेवायचे. केबल युनिटमधे शिरायच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं, आत शिरत नाही. आणि खारा वारा जॅकच्या पट्ट्या वर्षात हिरव्या करतो, नेट अधूनमधून तुटायला लागलं तर आधी जॅक बदलून बघा.

गुहागरची_लेक

तुमचा पीओई वाला मुद्दा वाचला नसता तर मी नक्की उलटं लावलं असतं. लाईट गेली तर काय? घरी इन्व्हर्टर आहे, खोलीत नाही.

खाडीपट्टा

लिंकची दोन्ही टोकं जिवंत पाहिजेत, नाहीतर घरच्या इन्व्हर्टरचा उपयोग नाही. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण त्या सीपीईला २४ व्होल्ट लागतात, त्यामुळे तो तसाच जोडू नका. खोलीत संगणकाचा साधा यूपीएस ठेवा, एवढंसं लोड आहे, बराच वेळ टिकतो.

गुहागरची_लेक

दोन आठवड्यांनी लिहितेय, पाऊस सुरू झालाय. दोन युनिटं आणि केबल मिळून साडेसात हजार लागले. घरातल्या घरात माळ्यावरून केबल पडवीपर्यंत आणली, हे काम इथल्या वायरमन काकांनी अर्ध्या दिवसात केलं. बॅटरीचा उपाय तीन रात्री केला, मी शिडीवर आणि आई खोलीकडे बॅटरी धरून, ओरडून डावीकडे उजवीकडे सांगत. आधी जिथे लावायचं ठरवलेलं तिथून दिवा दिसत होता पण सिग्नल -७४ च्या वर येईना. सकाळी बघितलं तर मधल्या एका सुपारीवर मिरवेल होती, रात्री लक्षात आली नव्हती. ब्रॅकेट पडवीच्या दुसऱ्या वाशाकडे, जेमतेम तीन फूट सरकवला, लगेच -५७. पॉवर कमी करूनसुद्धा -५९ आहे.

आता खोलीत ८५ च्या आसपास स्पीड येतो, घरच्या डब्याला पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) २-३ मिलिसेकंद. कालच्या मुसळधार पावसात -६४ झालं, पण दोन तासांची मीटिंग एकदाही तुटली नाही. मीटिंग चालू असताना आईने अण्णांचा औषधाचा फोन खोलीतल्या वायफायवरच केला, मोबाईलची रेंज तिथे कधीच नव्हती. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. परतीच्या पावसाआधी प्लग काढायची आठवण भिंतीवर लिहून ठेवलीय, आणि दिवाळीनंतर फायबरचं आईशी बोलणार आहे.

एकच शंका. बोळाच्या खाली केळी आहेत, आत्ता पाच फूट आहेत. ऑगस्टपर्यंत लाईनमधे येतील. काढू का?

चिपळूण_सीसीटीव्ही

काढू नका, आज लागलेली केळ उगाच कशाला. अ‍ॅपमधे आठवड्यातून एकदा आकडा बघा, -७० कडे जायला लागला की बोळात येणारी तेवढी पानं कोयत्याने उतरवा. घड उतरवलात की तो खुंट जाईलच, मग नवे मुनवे दोन हात बाजूला लावा.