मोबाईलवर काढलेला बैल मोठा केला की पुसट काऊन होते?

आर्वीकडचा_पोरगा
तान्ह्या पोळ्याले पुतण्याच्या लाकडी नंदीच्या गाडीवर लावाले चित्र काढून राहिलो. आमच्या गवळाऊ जातीच्या बैलजोडीतला सर्ज्या, पांढराशुभ्र. पिक्सेल स्टुडिओ ॲपात 32×32 घरांची (पिक्सेलची) चौकट घेतली. दिवसा डवरणी, म्हणून रात्री खाटेवर पडूनच काढतो. बोटाखाली चार-चार घरं झाकली जातात अन् भलतंच घर रंगते. तरी जीव लावून काढला, हिरवी झूल, लाल बाशिंग, घुंगरमाळ. पण दुकानात प्रिंटले फोटो पाठवला तर कडा सगळ्या पुसट. शिंगंही पायऱ्यांवानी दिसतात. कोणी सांगा, पोळा जवळ आला.

देवळीवाला
भाऊ, मेसेजवर फोटो म्हणून पाठवलं की फाईल दाबली जाते, जेपीजी होते, अन् शेजारच्या घरांचे रंग एकमेकांत मिसळतात. पीएनजी फाईल कर, त्यात रंग जसेच्या तसे राहतात, अन् डॉक्युमेंट म्हणून पाठव. मोठं करणं ॲपमधूनच, अन् पूर्ण पटीतच: 32 चे 40 पट म्हणजे 1280. दुकानदारानं 1000 मागितले तर देऊ नको, 32 नं भाग जात नाही, काही घरं रुंद अन् काही अरुंद होतात. त्यानं तिकडे मोठं केलंच तर ‘निअरेस्ट नेबर’ निवडाले सांग, म्हणजे रंग न मिसळता घरं तशीच मोठी होतात. बोटाचं म्हणशील तर डॉटपिक्ट ॲप पाहा. त्यात बोट एकीकडे, कर्सर दुसरीकडे, बटण दाबलं की घर भरते.

मॅटीवरची_काकू
बाळा, मी कापडावर फुलीटाका भरते, तिथंही घरंच मोजावी लागतात. वळण काढताना ओळीतली घरं उतरती ठेव: 4, 3, 2, 1. मधात 3, 1, 3 आलं की खाच पडते, तीच तुले पायरी दिसते. अन् शिंगं लांब काढली असशील तर पुसून टाक. गवळाऊची शिंगं आखूड, बोथट, जराशी मागं वळलेली. लांब शिंगांनी तो खिल्लार होईल, अन् पोळ्यात आपल्या भागातली म्हातारी माणसं लगेच ओळखतील. वशिंड मात्र चांगलं भरदार काढ.

पांढऱ्या कागदावर पांढरा बैल हरवते. पोटाखाली, मानेच्या पोळीत निळसर राखाडी टाक. बाहेरची रेघ काळीभोर नको, गर्द तपकिरी ठेव. रंग मोजके ठेव. 1989 च्या गेमबॉयवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमच्या यंत्रावर, चारच छटा होत्या, तरी पोरं सारं ओळखायची.

आर्वीकडचा_पोरगा
काकू, शिंगं खरंच लांब होती. आता 3, 2, 1 केली. पोटाखाली राखाडी आली अन् बैल कागदावर उभा राहिला. 1280 ची पीएनजी पाठवली, कडा चाकूनं कापल्यावानी निघाल्या. पण पुतण्या म्हणते, काका, हा सर्ज्या नाही, सर्ज्याच्या डोळ्यात काजळ आहे. एका घराचा डोळा होता, तो दोन घरांचा केला, वरचं काळं, खालचं तपकिरी. आता पुतण्या फोन सोडत नाही.