विंडोज १० चा सपोर्ट संपला, पण लॅपटॉप ठणठणीत आहे. लिनक्सवर जावं की ११ टाकावं?

जुनं_मशीन:
घरातला लॅपटॉप सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी नंतर बसवलेली, आणि अजून मस्त पळतो. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मोफत सिक्युरिटी अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी तपासणी केली तर म्हणतं तुमचा प्रोसेसर चालणार नाही. इंटेलचं आठव्या जनरेशनपासून पुढचंच पाहिजे म्हणे (थोडे अपवाद आहेत, पण त्यात माझा नाही). माझं स्पष्ट मत आहे की चालणारं मशीन फक्त एका यादीत नाव नाही म्हणून भंगारात घालणं हा शुद्ध अपव्यय आहे. सरळ लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम टाकावी. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा.

रात्रपाळी:
मला नाही पटत. ऑपरेटिंग सिस्टीम कुणी हौस म्हणून वापरत नाही हो, त्यावर जे काम चालतं त्यासाठी वापरतात. तुमच्या घरात कुणी एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप कामं करणाऱ्या छोट्या आज्ञा) लिहिलेल्या फाइल्स वापरतं का? लिनक्सवर एक्सेलऐवजी वापरतात त्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडते, पण एक्सेलच्या व्हीबीए भाषेतले मॅक्रो सगळे चालतीलच असं नाही. फोटोशॉप लिनक्सवर येतच नाही, आणि ज्या ऑनलाइन गेम्सचं अँटीचीट (फसवणूक पकडणारी यंत्रणा) थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसतं त्यातले बरेच चालत नाहीत. आधी कामांची यादी करा, सिस्टीम त्यावरून ठरते.

बायोसवाला:
मशीनच्या मालकाने एवढं घाबरायचं कारण नाही. सातव्या जनरेशनच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) असतंच, फर्मवेअरमध्ये, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असू शकतं. अडतं ते फक्त प्रोसेसरच्या यादीपाशी. रुफस या टूलने विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवताना ती तपासणी वगळायचा पर्याय येतो, ११ आरामात बसतं. आणि सुरक्षेचं म्हणाल तर मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारं संरक्षण) हलकी चालावी म्हणून लागणारी हार्डवेअरची सोय इंटेलने सातव्या जनरेशनपासूनच दिलीये, मग त्या पिढीला बाहेर ठेवण्यामागे तांत्रिक कारण कमी आणि सोय जास्त असं मला तरी वाटतं.

सावकाश_चला:
बायोसवाला, हा सल्ला दुसऱ्याला देऊ नका प्लीज. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवलंय की अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही. आज महिन्याचे सिक्युरिटी पॅचेस येतात हे खरं, पण दरवर्षीचं मोठं व्हर्जन आपोआप येत नाही, दरवेळी पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा तीच खटपट, आणि प्रत्येक व्हर्जनचा सपोर्ट होम एडिशनवर २४ महिन्यांतच संपतो. तुम्ही स्वतः कराल, पण ज्यांना हा सल्ला देताय ते करणार आहेत का? त्यापेक्षा विंडोज १० लाच वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची जी सोय आहे ती घ्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज १० चं २२एच२ हे शेवटचं व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं.

बायोसवाला:
आणि त्यानंतर? तारीख पुढे ढकलली म्हणजे प्रश्न सुटला का?

जुनं_मशीन:
शिवाय मला अकाउंटची सक्तीच नकोय, तेच तर कारण आहे. आणि सपोर्ट संपला की दुसऱ्या दिवशी व्हायरस येतो ही भीती उगाच पसरवतात. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, क्रोमने मात्र त्याला २०२३ पर्यंत साथ दिली.

सावकाश_चला:
मग २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्ये आला, हल्ला मे महिन्यात झाला, आणि बळी पडलेली बहुतेक मशीन्स विंडोज ७ ची होती, म्हणजे सपोर्ट चालू असलेली, फक्त अपडेट न केलेली. लोक अजूनही सांगतात की सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीमुळे झालं. मुद्दा असा की पॅच उपलब्ध असूनही दोन महिन्यांत एवढं झालं, तर ज्याला पॅच येणारच नाही त्याचं काय. ब्राउझर अपडेटेड असला तरी खालचं नेटवर्कचं भोक तसंच राहतं.

रात्रपाळी:
हे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी लिनक्सच्या विरोधात नाहीये, न तपासता टाकण्याच्या विरोधात आहे. मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे मशीनवर न बसवताच, चालवा, डिस्कला हातही लागत नाही. वायफाय लागतं का, स्कॅनर ओळखतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट जागं होतं का, हे बघा. आणि कुठल्याही प्रयोगाआधी फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की आधी काढून ठेवा, बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सेटिंग) ला हात लावला की ती मागू शकतं आणि नसेल तर डेटा विसरा.

जुनं_मशीन:
लाइव्हवर वायफाय आणि स्कॅनर चाललं, झोपवल्यावर मशीनही उठलं. मॅक्रोवाली एकच फाइल आहे, हिशोबाची, आणि तिचा अर्धा भाग लिब्रेऑफिसमध्ये अडतोय. तेवढ्यासाठी विंडोज ठेवणार नाही, ते हिशोब साध्या फॉर्म्युल्यांनी पुन्हा मांडतो. बॅकअप सुरू केलाय.

सावकाश_चला:
मांडा, पण जुनी फाइल आणि नवी फाइल एक महिना समोरासमोर चालवा, आकडे जुळल्याशिवाय डिस्क फॉरमॅट करू नका.